पाटीच्या तळातले मासे

पत्र

ताई, मी हर्णैची. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात बी.एफ.एस्सी.च्या (मत्स्यशास्त्राच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. बाबांची ट्रॉलर (मागं जाळं ओढत नेणारी बोट) आहे, बोटीवर कर्जही आहे. मला एम.एफ.एस्सी. करायचंय, तेही मत्स्य संसाधन व्यवस्थापनात. वर्गातले म्हणतात मत्स्यसंवर्धन (तळ्यातली मत्स्यशेती) घे, नोकरी तरी लागेल. बरेच जण बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेच्या मागे आहेत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "सात पिढ्या आम्ही म्हावरं मारतोय, आता त्याचं व्यवस्थापन तू करणार? तुझे सर कधी दर्यात उलटी होईपर्यंत गेलेत का, विचार त्यांना." त्यात माझे काका दुसऱ्याच्या पर्ससीन बोटीवर (ही माशांच्या थव्याला जाळ्यानं वेढून ते खालून आवळते) तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके आहेत आणि ती बोट मासा गोळा करायला लाईट लावून मासेमारी करते. यावर बंदी आहे असं मी परीक्षेत लिहिते आणि काकांनी पाठवलेले बांगडे घरी खाते. मी हे शिकले तर मी कोणाच्या बाजूची? एक मैत्रीण म्हणते नॉर्वेला जा, खरं व्यवस्थापन तिथं शिकवतात. गणितात मी बेताची आहे. काय करू?
— हर्णैची पोरगी (नाव छापू नका, बंदरात सगळे ओळखतात.)

उत्तर

बाबांपासून सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात मोठा आवाज त्यांचा आहे.

त्यांचा टोमणा हसण्यावारी नेऊ नकोस. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची गोष्ट पुढच्या दोन वर्षांत तुला निदान तीन विषयांत शिकवतील. मी ती इथं बाबांसाठी सांगते, त्यांना वाचून दाखव. तिथं शेकडो वर्षं कॉडवर गावंच्या गावं जगत होती. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे लोक सांगू लागले की मासा बारीक होतोय, किनाऱ्याला पूर्वीसारखा येत नाही. शास्त्रज्ञांच्या कागदावर मात्र साठा ठीक दिसत होता. त्यांच्या हिशेबात मोठ्या ट्रॉलरच्या पकडीला फार वजन होतं आणि ट्रॉलरना मासा लागत होता. लागणारच! उरलेला मासा थोड्या जागेत दाटीनं गोळा झालेला आणि ट्रॉलरवर तो नेमका हुडकणारी यंत्रं बसवलेली. २ जुलै १९९२ ला सरकारनं मासेमारी बंद केली. सुमारे ३०,००० माणसांचं काम गेलं. बंदी आली होती दोन वर्षांसाठी. ती उठायला २०२४ उजाडलं, आणि तेव्हाही उठवावी की नाही यावरून भांडणं झालीच.

म्हणजे बाबांचं खरं? अर्धं खरं. उरलेल्या अर्ध्यासाठी लांब जायला नको, आपला शिंगाळा मासा पुरे. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून फिरतो आणि पिल्लं मोठी होईपर्यंत जवळजवळ उपाशी राहतो. हे कुठल्याही खलाशाला ठाऊक असतं. जाळं वर आलं की फळीवर गोट्यांसारखी पिवळट अंडी घरंगळताना त्यानं पाहिलेली असतात. १९८० च्या आसपास कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीननं अशा अंडी धरलेल्या नरांचे थवेच्या थवे उचलले. पुढं काही वर्षांत तिथली शिंगाळ्याची मासेमारी कोसळली. अंडी सगळ्यांनी पाहिली होती. पण एका बोटीवर घमेलंभर दिसणारं नुकसान सगळ्या बोटींचं आणि सगळ्या हंगामाचं मिळून किती होतं, हे एका नाखव्याला त्याच्या बोटीवरून दिसत नाही. ते बेरजेचं काम आहे. तू जे शिकायचं म्हणतेस ते मुख्यतः हेच.

आता माझी एक फजिती ऐक. नव्वदच्या दशकात मी पदव्युत्तर शिकत होते. प्रबंध बांगड्यावर. आठवड्यातून दोनदा पहाटे बंदरावर जायचं, पाटीतले मासे घ्यायचे, लाकडी फळीवर ठेवून लांबी मोजायची आणि वहीत आकडे उतरवायचे. पहिली गोची अशी की मी शेपटीच्या टोकापर्यंत मोजत होते आणि माझा जोडीदार बेचक्यापर्यंत. तीन महिन्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा आमचे बांगडे दोन वेगळ्या समुद्रांतले वाटत होते. ते कसंबसं निस्तरलं. दुसरी चूक मात्र मला कुठल्या प्राध्यापकानं दाखवली नाही. माझ्या आलेखात बारीक मासा जवळजवळ नव्हताच. मी खूश, म्हटलं साठा अगदी धट्टाकट्टा आहे! एके दिवशी शेजारी बसलेली मासळीवाली मावशी म्हणाली, "तू नेहमी वरचंच म्हावरं का उचलतेस गं? लिलावाच्या पाटीत मोठं वर रचतात. बारीक तळाला असतं. पाटी उपडी कर." केली. तळाला हाताच्या बोटाएवढे बांगडे होते. नमुना कसा निवडावा या धड्यावर मला परीक्षेत चांगले गुण पडले होते, हे त्या दिवशी कुणाला सांगायची सोय नव्हती.

तेव्हा बाबांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. त्यांना प्रश्न विचार. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा आस (जाळ्याचं भोक) केवढा आहे, पूर्वी केवढा होता, कधी आणि का बदलला? कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं चौकोनी आसाच्या पिशवीवर पुष्कळ काम केलं आहे. नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ताण आला की मिटतो आणि पिल्लं आत अडकतात. चौकोनी आस ओढतानाही उघडा राहतो, म्हणून बारीक मासा निसटतो. हे वाचून बाबांना सांग आणि ते काय म्हणतात ते लिहून ठेव. ते म्हणतील, "त्यातनं माझं कोळीमही जाईल आणि कोळंबीही." हा आक्षेप खरा आहे, त्याचा हिशेब करावाच लागतो. असे चार आक्षेप जमले की प्रबंधाचा विषय अर्धा तयार होतो.

विषयाच्या निवडीचं बोलू. वर्गातले म्हणतात ते खोटं नाही. मत्स्यसंवर्धनात नोकऱ्या आहेत. २००९ मध्ये व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली आणि आंध्रातला सगळा नकाशाच बदलला. भीमावरम, नेल्लोर, काकीनाडा भागात हॅचरी (पिल्लं तयार करायच्या जागा), खाद्य कंपन्या, तळी, प्रयोगशाळा सगळीकडे मत्स्यशास्त्राची मुलं लागतात. पण त्या कामाला एक वृत्ती लागते. पहाटे तीनला पाण्यातला प्राणवायू खाली येतो, त्याच वेळी पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर बंद पडतो आणि मग झोपेतून उठून बांधावर धावायचं असतं. कुणी तरी धावलंच पाहिजे, नाहीतर सकाळी लाखोंचा माल पोटं वर करून तरंगतो. ज्याला यात मजा वाटते त्यानं जरूर जावं. तुझ्या पत्रात तळ्याचं नावही नाही. तीन पानांत बंदर, बोट, जाळं, लाईट हेच आहे. (छापताना पत्र कापलंय, मूळ मी दोनदा वाचलं.) न आवडणाऱ्या विषयातली पदवी नोकरी देते, पण पहाटे तीनला बांधावर उभं करत नाही.

संसाधन व्यवस्थापनाच्या नोकऱ्या कमी आहेत, हे आधीच ऐकून ठेव. सुरुवात बहुधा प्रकल्पावरच्या कंत्राटी जागेनं होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था किंवा भारतीय मत्स्य सर्वेक्षण यांच्यासारख्या ठिकाणी बंदरावरून आकडे गोळा करायचे, नमुने कापायचे आणि प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. कायम शास्त्रज्ञ व्हायचं तर एआरएस (कृषी संशोधन सेवा) परीक्षा, शिकवायचं तर नेट ही पात्रता परीक्षा, आणि दोन्हींना निदान पदव्युत्तर पदवी हवीच. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या जागा लोकसेवा आयोगातून भरतात. तिथली जाहिरात मात्र वेळापत्रक पाहून येत नाही, तिच्या भरवशावर वर्षं काढू नकोस. अलीकडे एक वेगळं दारही उघडलं आहे. अमेरिकेनं २०१९ पासून भारतातली समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं, कारण आपल्या ट्रॉल जाळ्यांत कासवाला बाहेर पडायची वाट नव्हती. आता ती वाट बसवायची, तपासायची, बोटवाल्यांना पटवायची, कागद तयार करायचे, ही सगळी माणसांची कामं आहेत. केरळात अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं, देशात पहिलं. त्यामागेही बंदरावर उभं राहून मोजणारी माणसं होती. तुझ्या शेजारी अंजर्ल्याला कासवं अंडी घालतात आणि तुझ्या घरात ट्रॉलवाल्यांची भाषा बोलली जाते. मुलाखतीत हे सांगायला विसरू नकोस.

गणिताचं काय? या विषयात त्याला टाळून जाता येत नाही. थंड समुद्रातल्या माशाच्या डोक्यातला खडा कापला की त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं दिसतात, ती मोजली की वय कळतं. ढोमा किंवा घोळ साफ करताना तो पांढरा खडा तूही पाहिला असशील. आपल्या समुद्राला बाराही महिने ऊब, त्यामुळे वलयं धड उमटत नाहीत. मग आपण महिन्यामहिन्याला शेकडो माशांच्या लांब्या घेतो, त्यांचे गट पाडतो, ते गट पुढं कसे सरकतात यावरून वाढ काढतो, वाढीवरून मरणाचा दर आणि त्यातलं मासेमारीनं किती, आपोआप किती. प्रत्येक पायरीवर संख्याशास्त्र आहे. उच्च गणित लागत नाही, पण आकड्यांशी रोज बसायची सवय लागते. 'आर' नावाची संगणकप्रणाली फुकट मिळते. आत्ता शेवटच्या सत्रातच ती उघड आणि प्रात्यक्षिकाच्या वहीतले तुझेच आकडे तिच्यात भरून बघ. तासाभरानं राग आला तर चालेल. तासाभरानं झोप आली तर मात्र दुसऱ्या विषयाचा विचार कर.

आकडे किती गोंधळात टाकतात याचा नमुना म्हणून केरळची तारली बघ, तुमच्याकडे पेडवे म्हणत असाल. २०१२ मध्ये केरळात जवळजवळ ४ लाख टन तारली उतरली आणि २०२१ मध्ये ३,२९७ टन. इतकी घसरण पाहिली की कुणीही म्हणेल, मारून संपवली. पण तारली ही पाण्याचं तापमान, पाऊस, खाद्य यांच्या तालावर वरखाली होणारी मासळी आहे, जाळ्याखेरीज समुद्रही त्यात सामील असतो. मग बोटींना किती दोष द्यायचा आणि दर्याला किती? मंत्री विचारतात, बोटवाले विचारतात, वर्तमानपत्रवाले विचारतात, आणि उत्तर देणाऱ्याला "अमुक इतकं खात्रीनं, पुढचं अंदाजानं" असं बोलावं लागतं. ते कुणालाच आवडत नाही. अशी नावडती उत्तरं देत नोकरी करायची तयारी आहे का, हे गणितापेक्षा आधी तपास.

कुठं शिकायचं हे त्या मानानं सोपं. आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) अखिल भारतीय परीक्षा दे. वर्सोव्याचं केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थान १९६१ पासून हेच काम करतंय, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ आहे, आणि संसाधन व्यवस्थापन हा विषय तिथं आहे. वर्सोव्याचा कोळीवाडाही जवळच, म्हणजे प्रयोगशाळेत मन लागेनासं झालं तर बोंबील वाळताना बघायला जाता येतं. मंगळूरचं महाविद्यालय देशातलं सगळ्यात जुनं, १९६९ चं. कोचीला आणि नागपट्टिणमला मत्स्य विद्यापीठंच आहेत. तुझं शिरगावही आहेच, पण चार वर्षं झाली तिथं, आता भिंती बदल. संस्थेच्या नावाला मात्र मी दुय्यम मानते. दुसरं वर्ष सगळं प्रबंधाचं असतं आणि ते चांगलं जाणार की वाईट, हे गाईडवर ठरतं. 'कृषिकोष' या संकेतस्थळावर जुने प्रबंध वाचायला मिळतात. ज्यांच्याकडे जावंसं वाटतं त्यांच्या विद्यार्थ्यांचे शेवटचे पाच प्रबंध काढ आणि फक्त 'साहित्य व पद्धती' हा भाग वाच. नमुने कुठल्या बंदरावरून, किती महिने, किती मासे, हे नीट लिहिलेलं असेल तर तो माणूस विद्यार्थ्याला बंदरावर पाठवतो. ते गुळमुळीत असेल तर पुढं वाचू नकोस.

(दर महिन्याला प्राणिशास्त्रातल्या बी.एस्सी.वाल्यांची दोनतीन पत्रं येतात, त्यांच्यासाठी इथंच: एम.एफ.एस्सी.ला साधारणपणे चार वर्षांची बी.एफ.एस्सी. लागते, तीन वर्षांच्या पदवीवर ते दार बंद असतं. कोचीन विद्यापीठातली औद्योगिक मत्स्यव्यवसायाची एम.एस्सी. किंवा प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.त मत्स्यविज्ञानाचं विशेषीकरण, या वाटा बघा.)

बँकेच्या परीक्षेला नाक मुरडू नकोस. घरात कर्ज आहे, फॉर्म भर, परीक्षा दे. बोट म्हणजे काय हे माहीत असलेला अधिकारी बँकेत बसला तर तुझ्यासारख्या पंचवीस घरांचा फायदा होईल. पण दोन्ही निकाल हातात आले आणि मन इकडेच ओढलं, तर कर्जाची भीती एकटीनं वाहू नकोस. बाबांसमोर हप्त्याचा कागद ठेव, दोन वर्षांचा खर्च ठेव, आयसीएआरच्या परीक्षेत वरचा क्रमांक आला तर शिष्यवृत्ती मिळते तीही मांड. नाखवे हिशेबाला पक्के असतात. "मला शिकायचंय" यापेक्षा "दोन वर्षांत तुमच्याकडून एवढे लागतील" हे त्यांना लवकर समजतं.

नॉर्वेबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. ट्रोम्सोला आंतरराष्ट्रीय मत्स्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी आहे, शिक्षण उत्तम आहे. पूर्वी तिथल्या सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही शुल्क नसायचं, २०२३ पासून युरोपाबाहेरच्यांना ते भरावं लागतं. म्हणजे तुझ्या मैत्रिणीची माहिती थोडी शिळी आहे. पैशापेक्षाही मला दुसरी गोष्ट खटकते. तिथली मासेमारी मोजक्या जातींची, बोटी नोंदलेल्या, वाटा ठरलेला, मासा कुठं उतरतो ते माहीत. हर्णैला एका डोल जाळ्यात मांदेली, बोंबील, जवळा, कोळंबी, वाम, खेकडे असा अख्खा बाजार येतो आणि तो कुठं कसा उतरतो हे संध्याकाळी वाळूत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आधी हा गोंधळ शीक, मग त्यांची टापटीप बघायला जा. नोकरीला लागल्यावर आइसलँडला युनेस्कोच्या छत्राखालचा सहा महिन्यांचा मत्स्य प्रशिक्षण कार्यक्रम असतो, विकसनशील देशांतल्या नोकरदारांसाठीच. तो डोक्यात ठेव.

आता काका. हा प्रश्न तू मधेच घाईघाईत लिहिलास, म्हणजे तोच सगळ्यात आधी होता. लाईट लावून मासेमारीवर केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त होऊन दंड जबर झाला. तेव्हा बाजू कुठली हा प्रश्न कायद्यापुरता सुटलेला आहे. उरतो तो जेवणाच्या ताटाचा. काका मालक नाहीत, तांडेल आहेत. दिवा लावायचा हुकूम दुसऱ्याचा, नाव खराब होणार यांचं. तू त्यांच्यावर पाळत ठेवू नकोस आणि त्यांची वकिलीही करू नकोस. त्यांना एवढंच विचार की एका फेरीला डिझेल किती, जनरेटरला किती, खलाशांचा वाटा किती आणि दिवा न लावता किती उरतं. काका लाईट का लावतात याचं उत्तर माशाच्या शरीरात सापडायचं नाही, ते डिझेलच्या पावतीत आहे. म्हणून म्हणते, वर्सोव्याला मत्स्य अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षण (शास्त्र लोकांपर्यंत पोचवायचं काम) हेही विषय आहेत, त्यांना 'सोपे विषय' म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. मासा नियम वाचत नाही, नियम माणसांसाठी असतात. माणूस तो का मोडतो हे ज्याला कळत नाही, त्याचं साठ्याचं गणित कितीही अचूक असलं तरी फाईलीत राहतं.

एक मात्र पक्कं कर, प्रबंध हर्णैवर नको. घरच्या बंदरात लोक एक तर तुला हवं ते सांगतील, नाहीतर तोंडच उघडणार नाहीत. शिवाय तुझ्या आकड्यांवरून कुणाच्या बोटीवर कारवाई झाली तर दोष तुझ्या आईबाबांच्या दारात येईल. सातपाटी घे, मालवण घे, वेरावळला जा. तुझी बंदराची भाषा सगळीकडे चालेल, तुझं आडनाव फक्त हर्णैला आड येईल.

पत्रात बाबा आले, काका आले, मैत्रीण आली, अख्खा वर्ग आला. आई आली नाही. हर्णैच्या घरातली आई म्हणजे ती लिलावाला उभी असणार, नाहीतर दापोलीच्या बाजारात पाटी घेऊन बसत असणार. चुकत असेन तर कळव. कुठल्या महिन्यात कुठली मासळी केवढी येते, दहा वर्षांपूर्वी पाटीला किती नग बसायचे आणि आता किती बसतात, हे बाबांपेक्षा तिला जास्त माहीत आहे, कारण बाबा मासा धरतात आणि ती तो मोजून विकते. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, पण त्यानं पापलेटाची लांबी वाढली नाही. पापलेटाचं काय झालं हे आईला विचार, आणि विचारताना वही हातात ठेव. बोटीवर बाई चालत नाही म्हणणारे बंदरात अजून आहेत. चालेनात. तुझं निम्मं काम वाळूवर आहे आणि तिथं बायकांचंच राज्य आहे.

१ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागायच्या आत एक काम कर. निर्णय त्यानंतर घे, तोवर कुणालाही उत्तर देऊ नकोस. आठवड्यातून दोन संध्याकाळी लिलावाला जा, आईला बरोबर ने. एकच मासळी निवड, बांगडाच घे म्हणेन मी. पाटी उपडी करायची परवानगी आईला मागू दे, तुला देणार नाहीत. दर वेळी पन्नास मासे घे, वरचे, मधले, तळातले, डोळे मिटून. तोंड मिटलेलं असू दे, शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोज, आणि बेचक्यापर्यंत मोजलं असं वहीच्या पहिल्याच पानावर लिही. दोन महिन्यांत आठशे आकडे होतील. ते घेऊन गाईडकडे गेलीस तर तो तुला खुर्ची देईल. आणि पाचव्या आठवड्यात कंटाळून गेलीच नाहीस, तरी हरकत नाही. बँकेचा फॉर्म भरलेला असेलच.

मोजायची फळी कुठलाही सुतार करून देतो. एका टोकाला आडवी पट्टी ठोकायची, तिला माशाचं तोंड टेकतं. फुटपट्टीचा शून्य त्या पट्टीच्या आतल्या कडेला आला आहे ना, तेवढं स्वतः बघून घे. आमच्या फळीत तो बाहेरच्या कडेला होता.